आत्या, त्या स्पीकरबद्दल

आत्या,

तुम्ही गेलात त्याला आज सतरा दिवस झाले. तुमचं गाव कुठलं, वय किती, मागं कोण कोण आहे, हे सगळं पेपरात फोटोखाली छापून आलं. तुमच्या लेकानं, संदीपनं, ते कात्रण कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. त्यातलं मला काही लिहायचं नाही. मला त्या स्पीकरबद्दल बोलायचंय. ते झाल्यावर आठ महिने आपण सासू-सुना एका घरात राहिलो, एका तव्यावरच्या भाकरी खाल्ल्या आणि त्याबद्दल धड बोललो नाही. आता तुम्ही उलटून काही म्हणू शकत नाही, म्हणून मला तोंड फुटलंय. हे मला कळतंय. तरी बोलते.

सुरुवात तुमच्याच एका प्रश्नानं झाली होती. मी तेव्हा राजारामपुरीत मोबाईलच्या दुकानात काउंटरला होते. तुम्ही आजऱ्याचं घर बंद करून कळंब्याला आमच्याकडं कायमच्या राहायला आला होतात. एका गिऱ्हाइकानं परत आणलेला छोटा स्पीकर मालकांनी मला देऊन टाकला, तो मी घरी आणला. तुम्ही तो हातात घेऊन उलटा-सुलटा करून बघितलात.

"ह्यो परत का आला?"

"चार्जिंग टिकत नाही म्हणे."

"मग इकताना सांगितलं न्हाईस व्हय त्याला?"

"मला कुठं माहीत होतं, आत्या? डब्यावर बारा तास लिहिलंय."

"डब्यावर लिहिल्यालं वाचून इकतीस? सोता वापरून बघत न्हाईस?"

मी सहा वर्षं त्या काउंटरला उभी होते. चार्जर, कव्हर, इअरफोन, पॉवर बँक, स्पीकर, फोन. दिवसभर डबा फिरवून मागची बारीक अक्षरं लोकांना वाचून दाखवायची. मी विकलेल्यातली एकही वस्तू मी महिनाभर वापरलेली नव्हती. तुमच्यासारखी अक्षर न ओळखणारी बाई मला हे विचारते, याचा मला राग आला होता. दोन दिवसांनी राग गेला. आठवड्यानं मी तुम्हाला म्हटलं, आपण वापरून बघू आणि लोकांना सांगू. आणि मोबाईलवर आपला चॅनेल सुरू झाला. बोलणाऱ्या तुम्ही, शूटिंग करणारी मी.

तुमच्यासारखी तपासणी कुणी केली नसेल. स्पीकर तुम्ही गॅसच्या वर खिळ्याला टांगायचात. फोडणीचा धूर, भाताची वाफ, सगळं त्याच्या अंगावर. मग त्याला धुण्याच्या दगडाजवळ ठेवून वर कपडे झटकायचात. सकाळी दूध आलं की चालू करायचा, संध्याकाळी दिवा लावेपर्यंत टिकला तर पास. आवाज बघायचा तर मला गच्चीवर पाठवायचात आणि स्वतः गल्लीच्या टोकाला जाऊन उभ्या राहायचात. "टाळ फुटतोय गं! माणसाचा आवाज बरा हाय, पर टाळ फुटतोय!" असं तिथनं ओरडून सांगायचात. अख्ख्या गल्लीला निकाल कळायचा.

फोन तुम्ही पिठाच्या हातानं उचलून बघायचात. उन्हात सांडगे घालताना पडद्यावरचं दिसतं का बघायचात. चार्जरची वायर मुद्दाम मानेजवळ मुडपून खुंटीला अडकवायचात, कारण घरात वायर अशीच राहते, कुणी सरळ करून ठेवत नाही. कानात घालायच्या त्या बोंडांनी तर तुम्ही वैतागला होतात. कुड्यांनी ओघळलेला तुमचा कान, त्यात ती ठरेनात. "कुड्या घालणाऱ्या बायकांनी ह्ये घेऊ नका," असं तुम्ही सांगितलंत, आणि खाली कितीतरी बायकांनी लिहिलं की आम्हाला वाटायचं आमचाच कान खराब आहे.

आणि बोटाचं कुलूप. एका फोनवर तुमचं बोट बसवायला मी अर्धा तास घालवला. पुसून, धुऊन, ओलं करून, कोरडं करून. फोन घेईना. मी म्हटलं, फोनच खराब आहे. तुम्ही दोन्ही हातांची बोटं माझ्यासमोर उजेडात धरलीत. त्यांवर रेषाच नव्हत्या. पंचवीस वर्षं काजूच्या कारखान्यात काजू फोडलात, टरफलाच्या तेलानं बोटं भाजून भाजून गुळगुळीत झाली होती. "रेशनला बी माझा अंगठा घेत न्हाईत," तुम्ही म्हणालात. "फोनचा दोष न्हाय. पर माझ्यासारख्या बाईनं ह्यो उघडायचा कसा, ह्ये डब्यावर लिवल्यालं न्हाय." ते मी तसंच्या तसं टाकलं. एक शब्द कापला नाही. तेव्हा मी कापत नव्हते.

पुण्या-मुंबईचे लोक तुम्हाला हसायचे. बाई असून "मी जातो, मी सांगतो" म्हणते म्हणून. मी ते तुम्हाला वाचून दाखवलं तर तुम्ही म्हणालात, "हसू दे की. हसत हसत ऐकत्यात न्हवं?"

ऐकत होते. तुमच्यामुळं ऐकत होते, हे मला तेव्हा नीट कळलं नाही. मला वाटायचं, कॅमेरा माझा, व्हिडिओची जोडणी माझी, वस्तू कुठली घ्यायची ते ठरवणारी मी. तुम्ही नुसत्या बोलता.

एक गोष्ट तुमच्या बाजूनं लिहून ठेवते, म्हणजे पुढचं लिहायला मला लाज वाटेल. मला ताप होता आणि दुकानात मालक बसू देत नव्हते. काउंटरच्या पोरींनी उभं राहूनच काम करायचं, अशी रीत. संदीपकडून तुम्हाला कळलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही बस धरून डबा घेऊन राजारामपुरीत आलात. गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात मालकांना म्हणालात, "पावणं, एवढं मोठं दुकान हाय, आन एक खुर्ची न्हाय व्हय तुमच्यात? मी घरनं आणून देऊ काय?" दुसऱ्या दिवशी स्टूल आलं. आम्हा तिघींना मिळून एक, पण आलं. त्या पोरी अजून तुमचं नाव काढतात.

परक्या माणसाला भर दुकानात झापणारी बाई तुम्ही. म्हणून तर मला तुमचा राग येतो, आत्या. आजसुद्धा येतो.

गेल्या वर्षी त्या कंपनीच्या माणसाचा फोन आला. नाव लिहीत नाही, लिहून काय होणार. त्यांचा नवा स्पीकर होता, हातात मावेल एवढा. तो आत्यांच्या हातात दिसला पाहिजे, म्हणाला. पसंत पडला तर वर्षभराचा करार करू, दर महिन्याला माल पाठवू. त्या करारावर मला काउंटर सोडता येणार होता. माझ्या पोटऱ्यांवरच्या निळ्या शिरा तुम्हीच रोज तेल लावून चोळायचात, तुम्हाला वेगळं काय सांगायचं?

तुम्ही तो स्पीकर वीस दिवस वापरलात. पहिले दहा-बारा दिवस खूश होतात. खरंच आवाज चांगला होता, टाळसुद्धा फुटत नव्हता. मग तो घरघरायला लागला. मी म्हटलं, वाफ लागली असेल, यावेळी गॅसजवळ नको टांगायला. तुम्ही म्हणालात, "का? लोकांच्या घरात गॅस न्हाय व्हय?"

शूटिंग गच्चीवर केलं. मागं साड्या वाळत होत्या. तुम्ही एका दमात बोललात. तुमचं वाक्य मला पाठ आहे. इतक्या वेळा मनात ऐकलंय मी ते.

"आवाज झ्याक हाय. देवळात लावा, बारशाला लावा, लांबवर जातोय. पर पंधरा दिस झालं की ह्यो घसा धरतोय, चार्जिंगचं भोक ढिलं पडतंय, आन चार गाण्यांत गप हुतोय. घेऊ नका."

दुसऱ्याच दिवशी तुम्ही आजऱ्याला गेलात. तुमच्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, तिच्याजवळ राहायला. इकडं मी व्हिडिओ जोडायला बसले. 'लांबवर जातोय'च्या पुढं बोटानं रेघ ओढली आणि उरलेलं काढून टाकलं. पाच मिनिटांचं काम. खाली लिहिलं, आत्यांची पसंती.

मी स्वतःला काय सांगितलं, तेही लिहिते. मी एकही खोटा शब्द घातलेला नाही, असं सांगितलं. बोलल्यात त्या आत्याच बोलल्यात. सगळेच असं करतात. तुम्हाला आलेला एखादा पीस खराब असेल, बाकीचे चांगले असतील. एवढी कारणं शोधावी लागली म्हणजे आत कुठं तरी मला कळत होतं.

तुम्ही आजऱ्याहून फोन करायचात. "व्हिडिओ टाकलास व्हय?"

"टाकला."

"काय म्हणत्यात लोक?"

"चांगलं म्हणतायत, आत्या."

"अगं, मी घेऊ नका म्हटल्यावर कंपनीवाला चिडला न्हाय?"

"नाही," मी म्हटलं. तेवढं तरी खरं होतं. कंपनीवाला खूश होता. करार झाला. मी काउंटर सोडला.

आपल्या गल्लीतल्या भजनी मंडळानं तो व्हिडिओ बघितला. दत्ताच्या देवळात दर गुरुवारी ज्यांच्यात बसून तुम्ही टाळ वाजवायचात, त्याच बायका. तुम्ही गावाला. पारूबाई पास करतीया म्हटल्यावर विचारायचं काय, म्हणून त्यांनी वर्गणी काढून तोच स्पीकर मागवला. कारण त्यांना पहिल्यांदाच बाहेरचं बोलावणं आलं होतं, राजारामपुरीतल्या एका फ्लॅटच्या वास्तुशांतीला. शेवंताकाकू मंडळाच्या मुख्य. त्यांनी सगळ्यांना एका रंगाच्या साड्या नेसायला लावल्या होत्या म्हणे. तिसऱ्या अभंगाला स्पीकर घरघरला, चौथ्याला बंद पडला. तो मोठा हॉल, पंखे, माणसांची बडबड, त्यात या आठ बायकांचा आवाज पहिल्या ओळीलाही पोचेना. पाहुणे उठून जेवणाकडं गेले. यजमानांनी स्वतःचा स्पीकर काढून सिनेमाची गाणी लावली. या बायका टाळ पिशवीत घालून बसनं परत आल्या.

हे मला माहीत होतं. तुम्ही यायच्या आधीच गल्लीत कळलं होतं. मी तुम्हाला फोन केला नाही.

सव्वा महिन्यानं तुम्ही परत आलात. मंडळाच्या बायकांना वाटायला काजूच्या आठ पुड्या बांधून आणल्या होत्यात. गुरुवारी त्या पिशवीत घालून देवळात गेलात आणि पंधरा मिनिटांत परत आलात. पिशवी तशीच हातात. मी भाजी निवडत होते, संदीप टीव्ही बघत होता.

"सुजाता, त्यो व्हिडिओ लाव."

"कुठला?"

"लाव म्हटलं की."

मी लावला. तुम्ही उभ्यानंच ऐकलात. संपल्यावर म्हणालात, "पुन्यांदा लाव." पुन्हा लावला. संदीप उठला आणि गाडी पुसायला बाहेर गेला. गाडी त्यानं सकाळीच पुसली होती.

"माझं म्होरचं बोलणं कुठं गेलं?"

आणि मी म्हटलं, "व्हिडिओ लांब होत होता, आत्या."

दुसरं काही सुचलं असतं तर बरं झालं असतं. चुकलं म्हटलं असतं. पाय धरले असते. अगदी, होय, कापलं, आपल्या घरासाठी कापलं, असं उर्मटपणे म्हटलं असतं तरी तुम्हाला माझ्यावर ओरडता आलं असतं. व्हिडिओ लांब होत होता! तुम्ही माझ्याकडं थोडा वेळ बघितलात. मग आत जाऊन भाकरीचं पीठ मळायला घेतलंत. त्या दिवशीही भाकरी तशाच झाल्या, रोजच्यासारख्या.

पुढच्या गुरुवारी तुम्ही म्हणालात, मला देवळापतोर सोड. मी स्कूटरवर सोडलं. थांब म्हणालात, लगेच येतो. मी दारात गाडी चालूच ठेवली. आतलं सगळं ऐकू येत होतं. शेवंताकाकूंचा आवाज काय, तुमच्यासारखाच, गल्लीभर जाणारा.

"आलीस व्हय पारूबाई? कंपनीचं खाऊन आमास्नी बुडवलंस. खोटारडी हाईस तू!"

मला वाटलं, आता तुम्ही सांगणार. माझी सून बाहेर उभी हाय, तिला इचारा, म्हणणार. मी हँडल घट्ट धरलं होतं. तुमचा आवाज आला, इतका बारीक की मला आधी ओळखू आला नाही.

"चुकलं माझं."

एवढंच. तुम्ही बाहेर आलात, मागं बसलात, माझ्या खांद्यावर हात ठेवलात, नेहमी ठेवायचात तसा. मी गाडी घेतली.

का, आत्या? मला वाचवायला? की सुनेनं असं केलं हे चारचौघींत सांगायची लाज वाटली म्हणून? घराची अब्रू? का मला शिक्षा म्हणून? आठ महिने मी हेच मनात उलटंपालटं करत राहिले. तुम्ही माझ्यावर उपकार केलात असं मानून बघितलं, तर जीव गुदमरतो. शिक्षा दिलीत असं मानलं तर तुमचा इतका राग येतो की तुमची वाटी घासतानासुद्धा आपटावीशी वाटायची. तुम्ही एकदा ओरडला असतात तर मी रडले असते, भांडले असते, देवळात गेले असते. तुम्ही गप्प राहिलात आणि मला गप्प राहायची सोय करून दिलीत. हा तुमचा दोष आहे. तुम्ही गेलात म्हणून मी तो पुसणार नाही.

मंडळात तुम्ही पुन्हा गेला नाहीत. गुरुवारी त्या वेळेला गच्चीवर जाऊन कपडे काढायचात, वाळलेले नसले तरी.

तपासणी मात्र सोडली नाहीत. मला वाटलं होतं, आता वस्तूंना हात लावणार नाहीत. तुम्ही लावलात. फोन, चार्जर, गळ्यात अडकवायचे इअरफोन, सगळं तितक्याच मन लावून. गॅसवर टांगणं, पिठाचे हात, सगळं. पण कॅमेऱ्यासमोर बसायला नकार. निकाल मला स्वयंपाकघरात सांगायचा आणि तोही एका शब्दात. "बरं." नाहीतर "न्हाय." एकदा मी म्हटलं, आत्या, जरा सविस्तर सांगा की, मला बोलायचं असतं पुढं.

तुम्ही मान वर न करता म्हणालात, "एवढंच पुरं. एवढ्याला कातर लागत न्हाय."

आठ महिन्यांत त्या गोष्टीबद्दल तुम्ही बोललात ते एवढंच. मी मेथीची जुडी हातात घेऊन उभी राहिले. तुम्ही म्हणालात, "मुळं काढून टाक तिची, माती हाय."

त्या सकाळी चहा घेताना तुम्ही म्हणालात, छातीत जड वाटतंय. संदीप पहिल्या पाळीला गेला होता. मी रिक्षा आणली. रिक्षात तुम्ही माझं मनगट धरलं होतंत. मला वाटलं, आता तुम्ही बोलाल. मी कान तुमच्या तोंडाजवळ नेला. तुम्ही विचारलंत, "गॅस बंद केलास काय?" मी म्हटलं, केला. मग तुम्ही डोळे मिटलेत. दुपारपर्यंत सगळं संपलं होतं.

मी चॅनेलवर तुमचा फोटो टाकला. लोकांना कळलं. आणि लोक तुमचा आवाज ऐकायला कुठल्या व्हिडिओवर गेले असतील? सगळ्यात जास्त बघितला गेलेला तोच होता. कंपनीनं पैसे घालून तो पसरवला होता. त्याच्याखाली शेकडो जोडलेले हात. आजी खरं बोलायच्या. आजींनी कधी कुणाची भीड ठेवली नाही. असं सच्चं माणूस पुन्हा होणे नाही. मी ते एकेक वाचत बसले. कुणीतरी लिहिलं होतं, आजींच्या शब्दावर मी हा स्पीकर घेतला होता, टिकला नाही, पण आजींची आठवण म्हणून ठेवलाय. मला ते वाचून हसू आलं, आत्या. सुतकाच्या घरात मी मोठ्यानं हसले. संदीपला वाटलं मी रडतेय. तो पाठ थोपटायला लागला.

तेराव्याला मंडळाच्या बायका आल्या. शेवंताकाकू पुढं. तुमच्या फोटोला त्यांनी फूल वाहिलं, दोन अभंग म्हटले. मग सगळ्या भिंतीला टेकून बसल्या. मी चहा घेऊन गेले. काकू डोळे पुसत म्हणाल्या, "माणूस सोन्यागत हुतं. येक त्या डब्याच्या पायी आमच्यासंगं खोटं वागली. जाऊ दे. गेल्या माणसाचं काय धरायचं? आमी माफ केलं तिला."

माझ्या हातात ट्रे होता. मी म्हटलं, "काकू, आत्या खोटं वागल्या नव्हत्या. त्यांनी घेऊ नका असंच सांगितलं होतं. ते मी कापलं. सगळं मी केलंय."

मला वाटलं, आता एखादी थोबाडीत मारेल. मारली असती तर मी गाल पुढं केला असता.

काकू उठल्या, माझ्या हातातला ट्रे काढून खाली ठेवला आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. "बघा गं," त्या बाकीच्यांना म्हणाल्या, "सून असावी तर अशी. मेलेल्या सासूचा दोष बी सोताच्या अंगावर घेतीया." एका बाईनं हुंदका दिला. दुसरी म्हणाली, पारूबाई नशिबाची.

"खरंच सांगतेय, काकू."

"व्हय बाळ, व्हय. बस तू. दमलीस."

मी काय दाखवणार होते त्यांना? तुमचं पूर्ण बोलणं असलेलं शूटिंग मी व्हिडिओ टाकला त्याच आठवड्यात पुसून टाकलं होतं. फोनमध्ये जागा नव्हती. तुम्ही "घेऊ नका" म्हणालात, याला आता जगात माझ्याशिवाय साक्षीदार नाही. आणि माझ्यावर विश्वास ठेवायला कुणी तयार नाही, कारण मी फार चांगली सून आहे.

बायका गेल्यावर मी संदीपला म्हटलं, तू तरी सांगायचंस, तुला माहीत होतं. तो पंगतीच्या पत्रावळ्या मोजून बाजूला ठेवत होता. म्हणाला, "आईनं जे झाकलं ते मी कशाला उघडू?" तुमचाच लेक.

दुसऱ्या दिवशी मी तो व्हिडिओ काढून टाकला. तासाभरात कंपनीच्या माणसाचा फोन आला. "ताई, व्हिडिओ दिसत नाहीये. चुकून उडाला का?" मी म्हटलं, मी काढला. तो नरम आवाजात म्हणाला, "अहो, आजींना श्रद्धांजली म्हणून तरी ठेवा. लोक फार प्रेमानं बघतायत." मी फोन ठेवला. करार गेला. मालकांना विचारलंय, काउंटरला परत घेतील बहुतेक.

काल मी शेवंताकाकूंच्या घरी गेले. एकटीच, सकाळी दहाच्या सुमाराला. त्या दारात सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या. ये बाळ म्हणाल्या. मी उंबऱ्याबाहेरच बसले आणि पहिल्यापासून सांगितलं. गच्चीवरचं शूटिंग, तुमचं पूर्ण वाक्य, मी कुठं रेघ ओढली ते. तुम्ही दोनदा व्हिडिओ ऐकलात ते, मी काय उत्तर दिलं ते. देवळाच्या बाहेर गाडी चालू ठेवून मी काय काय ऐकलं, तेही. मी रडले नाही. काकूंचे हात सुपात थांबले होते.

त्या म्हणाल्या, "तेराव्याला चार बायकांत बोललीस, तवा वाटलं मोठेपणा करतीस. आज येकटी आलीस म्हंजे खरं हाय ह्ये."

"खरं आहे."

"मी तिला खोटारडी म्हटलं. देवळात. आट बायकांम्होरं."

मी उंबऱ्यावर सांडलेले तांदूळ वेचून सुपात टाकले.

"येकदा तरी तुझ्या घरला यायला पायजे हुतं मी. गल्लीतनं जाताना ती गच्चीवर दिसायची. मी मान फिरवून जात हुतो." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. मग माझ्याकडं न बघता विचारलं, "जाताना माझ्याबद्दल काय बोलली का गं? मागनं कवातरी? नाव काडलं काय माजं?"

उत्तर माझ्या तोंडात तयार होतं, आत्या. तुमची फार आठवण काढायच्या, काकू. एवढं म्हटलं असतं तर त्या म्हातारीला पुढची वर्षं झोप लागली असती. तुम्ही हयात नाही, कोण तपासणार? आणि कुणास ठाऊक, मनात आठवण काढतही असाल. पण तुमच्या बोलण्यातनं एकदा मी वजा केलं होतं. आता त्यात भर घालायला माझी जीभ उचलेना.

"नाही, काकू," मी म्हटलं. "आठ महिन्यांत तुमचं नाव त्यांनी काढलं नाही."

"येकदा बी न्हाय?"

"एकदाही नाही."

काकूंनी पदर तोंडाला लावला आणि भिंतीकडं तोंड केलं. आवाज आला नाही, नुसते खांदे हलत होते. मला ऊठ म्हणाल्या नाहीत, बस म्हणाल्या नाहीत. सुपावर चिमण्या यायला लागल्या, तेव्हा मी ते उचलून आत फळीवर ठेवलं आणि घरी आले.